शंभर टक्के समजलेला पाठ

वर्तमानपत्राच्या डेस्कवर वीस वर्षे काढल्यावर मला प्रशिक्षण विभागात हलवण्यात आले. विभागात मी एकटाच होतो. नव्या उपसंपादकांना बातमी कशी लिहायची ते शिकवायचे, एवढे काम. पहिल्या तुकडीनंतर व्यवस्थापनाने सुचवले की शिकवणाऱ्याकडे शिकवण्याची एखादी पदवी असलेली बरी. व्यवस्थापन सुचवते म्हणजे काय करते, हे डेस्कवरच्या माणसाला समजावून द्यावे लागत नाही. मी पुण्याच्या कर्वेनगरमधल्या एका संस्थेत शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातले. मुदत दोन वर्षे, तास शनिवार-रविवारी, प्रवेश फक्त अनुभव असलेल्या शिक्षकांना आणि प्रशिक्षकांना.

पहिले व्याख्यान ‘व्याख्यानपद्धतीच्या मर्यादा’ या विषयावर झाले. ते पावणेदोन तास चालले.

वर्गात आम्ही बावीस जण होतो. त्यातल्या नऊ जणी शिक्षिका होत्या, पण ‘बाई’ म्हटले की एकच समजल्या जात. त्या लोणी काळभोरजवळच्या एका खासगी शाळेत आठवीला विज्ञान शिकवत. शनिवारची सकाळची शाळा संपवून, हडपसरला बस बदलून त्या दोनच्या तासाला पोहोचत. पहिल्या दिवशी त्यांनी आत आल्या आल्या स्मार्टबोर्ड डस्टरने पुसला. तो पुसण्यासारखा झालाही होता.

बाईंना ही पदवी कशासाठी हवी होती, ते सगळ्या वर्गाला माहीत होते. त्या अकरा वर्षे कंत्राटावर होत्या. एप्रिलअखेर त्यांना कार्यमुक्त करत आणि जूनमध्ये पुन्हा नेमत. आता त्यांची शाळा चालवणाऱ्या संस्थेने ठरवले होते की विज्ञानाचे पाठ एकदाच ध्वनिचित्रमुद्रित करायचे आणि सगळ्या तुकड्यांना दाखवायचे. त्यासाठी एक कायम पद निर्माण होणार होते : डिजिटल अध्यापन समन्वयक. अट एवढीच की संस्थेच्या जूनच्या सभेत उमेदवाराच्या हातात या अभ्यासक्रमाचा निकाल हवा. बाईंच्या बाबतीत त्याचा अर्थ सरळ होता. पद मिळाले तर व्हिडिओ त्या करणार. दुसऱ्याला मिळाले तर व्हिडिओ त्यांच्या जागी येणार. संस्थेच्या सचिवांचा भाचाही कुठेतरी हाच अभ्यासक्रम करत असल्याचे शाळेत बोलले जाई. मला त्याची खात्री करून घेता आली नाही.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकाने एक डिजिटल पाठ तयार करायचा, तो खऱ्या विद्यार्थ्यांवर तपासायचा आणि त्यावर लघुप्रबंध लिहायचा, असा नियम होता. चाचणीच्या वेळी वर्गातलाच एक सहाध्यायी निरीक्षक म्हणून हजर राही. त्याने जे पाहिले ते पत्रकावर लिहून सही करायची. त्या सहीशिवाय प्रबंध स्वीकारला जात नसे. निरीक्षक चिठ्ठ्या टाकून ठरले. बाईंची चिठ्ठी मला आली.

जानेवारीत मी लोणीला गेलो. बाईंचा पाठ विद्युत परिपथावर होता. सेल, तार, कळ, बल्ब. बारा मिनिटांचा व्हिडिओ, आवाज बाईंचाच. त्याचे चार भाग केले होते. भाग संपला की पडद्यावर हिरवे बटण येई, त्यावर लिहिलेले असे : ‘समजलं’. ते दाबल्याशिवाय पुढचा भाग सुरू होत नसे. छत्तीस मुले होती आणि शेजारच्या तुकडीचे टॅब आणून प्रत्येकाला एक दिला होता.

पहिला भाग संपला. व्हिडिओतल्या बाई म्हणाल्या, “समजलं का?” वर्ग एका सुरात म्हणाला, “हो, बाई.” व्हिडिओतल्या बाईंना ते ऐकू गेले नाही, पण दाराशी उभ्या असलेल्या बाईंनी मान हलवली. पहिल्या बाकावर वर्गाची मॉनिटर बसली होती. ती मागे वळून म्हणाली, “दाबा रे. दाबा गं.” सगळ्यांनी दाबले. चारही भागांना असेच झाले. मी पत्रकावर लिहिले, “सर्व विद्यार्थ्यांनी प्रतिसाद दिला,” आणि सही केली. वाक्यात एकही चूक नव्हती.

आमचे मार्गदर्शक सर चाळिशीचे होते. आलेखांवर त्यांचे प्रेम होते. त्यांनी बाईंचा आलेख रंगीत छापून आणला. चार स्तंभ, चारही वरच्या रेघेला टेकलेले.

“असा आलेख मी आजवर पाहिला नाही,” ते म्हणाले. “बाई, शंभर टक्के.”

“मुलं चांगली आहेत, सर,” बाई म्हणाल्या.

त्या दिवशी चार वाजता आम्ही उपाहारगृहात बसलो होतो. बाई, मी आणि सुभेदारसाहेब. सुभेदारसाहेब सैन्यातून निवृत्त झालेले. शेवटची बारा वर्षे त्यांनी जवानांना शिकवण्यात घालवली होती. आता खडकवासल्याला राहत आणि सुरक्षारक्षकांना शिकवण्याचा वर्ग काढायच्या विचारात होते. वर्गात ते फारसे बोलत नसत. त्यांनी बाईंचे कागद मागून घेतले, आलेख बाजूला ठेवला आणि मागचा तक्ता वाचला.

“हा आकडा कसला?”

“बटण दाबायला किती वेळ लागला त्याचा.”

“दोन सेकंद.” त्यांनी बोट खाली नेले. “दोन. दोन. तीन. दोन. छत्तीस जण?”

“छत्तीस.”

“बाई, आमच्याकडे दोन सेकंदांत फक्त सावधान होतं.”

“माझी मुलं हुशार आहेत, सुभेदारसाहेब.”

“असतील की. पण हा समजल्याचा वेळ नाही. हा हुकमाचा वेळ आहे. कोणीतरी ऑर्डर दिली.” ते माझ्याकडे वळले. “पत्रकार, तुम्ही होतात ना तिथं?”

मी मॉनिटरचे सांगितले.

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. “हे तुम्ही पत्रकात लिहिलंत?”

“नाही.”

“का?”

“महत्त्वाचं वाटलं नाही.”

“वर्तमानपत्रात असंच चालतं का हो?”

“बऱ्याचदा.”

सुभेदारसाहेबांनी मग त्यांची पद्धत सांगितली. समजले का, असे ते कधीच विचारत नसत. बंदूक खोलून पुन्हा जोडून दाखवताना एक भाग मुद्दाम उलटा लावत आणि गप्प राहत. जो बोलेल त्याला समजले. जो बोलणार नाही, त्याला पुन्हा पहिल्यापासून.

“आणि जवान बोलायचे?” बाईंनी विचारले.

“पहिले तीन आठवडे कोणी नाही. सुभेदार चुकू शकतो हे पटायलाच तीन आठवडे जायचे. बंदूक त्यानंतर.”

बाईंनी खारीचा उरलेला तुकडा चहात बुडवून संपवला. “म्हणजे मी चुकायचं.”

“मुद्दाम चुकायचं.”

“ते जमेल,” बाई म्हणाल्या. “एवढी वर्षं न ठरवता चुकतेय, आता ठरवून.”

बाईंनी नव्याने चाचणी घ्यायचे ठरवले. मार्गदर्शक सरांना ते पटले नाही. त्यांच्या टेबलावर तो रंगीत आलेख होता.

“तुमच्याकडे शंभर टक्के आहे,” ते म्हणाले. “शंभर टक्क्यांवर सुधारणा कशी दाखवणार?”

“खाली येऊन,” बाई म्हणाल्या.

“आणि जूनचं काय? तुम्हीच सांगितलं होतंत मला.”

“जून माझ्या लक्षात आहे, सर.”

हिरव्या बटणाऐवजी आता लाल बटण येणार होते, व्हिडिओ चालू असताना कधीही दाबता येईल असे. त्यावर काय लिहायचे ते बाईंनी मला विचारले. मथळे देणे हा माझा धंदा. मी तीन पर्याय दिले : ‘मला शंका आहे’, ‘इथे चूक आहे’ आणि ‘थांबा’. बाईंनी तिन्ही परत केले.

“शंका म्हटलं की मुलं घाबरतात. शंका विचारायला उभं राहावं लागतं. ‘थांबा’ काय, बसवर लिहितात. आणि ‘इथे चूक आहे’ म्हणजे कोणाची? ते सांगायला नको?”

त्यांनी स्वतःच लिहिले : ‘बाई चुकल्या’. दोन शब्द, कर्ता आणि क्रियापद. मला त्यात काही सुधारता आले नाही.

मुख्याध्यापकांनी बटण पाहिले. ते साठीला आलेले, सौम्य गृहस्थ होते.

“बाई, हे शाळेत बरं दिसत नाही. आज ‘बाई चुकल्या’ दाबतील, उद्या ‘सर चुकले’ मागतील.”

“तुम्ही कुठं व्हिडिओ करता, सर?”

मुख्याध्यापकांनी थोडा विचार करून परवानगी दिली. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांना तो मुद्दा निर्णायक वाटला.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी तोच पाठ पुन्हा दाखवला. मुलांना सांगितले की यात बाई एकदा चुकणार आहेत, चुकल्या की लाल बटण दाबायचे. मधल्या भागात पडद्यावर तारेचे एक टोक सेलपासून सुटलेले होते आणि व्हिडिओतल्या बाई शांतपणे म्हणत होत्या, “तार एका बाजूने जोडली नसली तरी बल्ब लागतो.” या वेळी मी सगळे लिहीत होतो, वेळेसकट. कोणीही बटण दाबले नाही. मॉनिटरही गप्प होती. बऱ्याच मुलांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतले. दोघांनी त्याखाली पट्टीने रेघ मारली.

व्हिडिओ संपल्यावर बाईंनी खरा सेल, खरी तार आणि खरा बल्ब टेबलावर ठेवला आणि खिडकीजवळच्या एका मुलीला उभे केले.

“तार सुटली तर बल्ब लागेल?”

“न्हाई, बाई.”

“मग बटण का नाही दाबलंस?”

मुलीने जमिनीकडे पाहिले. “तुमी हितंच उभ्या हुता की.”

“मी बाहेर गेले तर दाबशील?”

मग मागच्या बाकावरून आवाज आला, “चालंल.” त्यानंतर दुसरा आवाज, माझ्या दिशेने : “आन् हे पाव्हणं?”

“ते काही बोलत नाहीत.”

“पर लिवत्यात.”

पुढच्या शनिवारी बाईंनी दुसरा पाठ आणला, दोन बल्बांचा, आणि त्यात नवी चूक घातली. मुलांना बटणाचे पुन्हा समजावून आम्ही दोघे बाहेर येऊन व्हरांड्यात उभे राहिलो. निरीक्षकाने वर्गाबाहेरून निरीक्षण करावे की नाही, याबद्दल नियमावलीत काही नव्हते. बाईंनी बटणाला घंटेचा आवाज दिला होता, त्यामुळे निदान ऐकता येणार होते.

पाच मिनिटे काही ऐकू आले नाही. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला. बाई म्हणाल्या, “कोणी दाबणार नाही.” मी घड्याळ पाहून ते लिहून घेतले.

मग एक घंटा वाजली. थोड्या वेळाने दुसरी. मग वर्गात कोणीतरी हसले आणि त्यानंतर घंटा थांबेचनात. छत्तीस टॅब, प्रत्येकाची घंटा निराळी. व्हिडिओतल्या बाईंचा आवाज त्यात बुडून गेला.

“एवढ्या चुका नाहीयेत हो,” बाई मला म्हणाल्या.

कार्यालयातून मुख्याध्यापक बाहेर आले. “बाई, शाळा सुटली का?”

“नाही, सर. मी चुकतेय.”

मुख्याध्यापक परत आत गेले.

नोंदी आम्ही त्याच दुपारी कर्वेनगरच्या संगणककक्षात काढल्या. मुलांनी दोनशेहून जास्त वेळा बटण दाबले होते. “नमस्कार, विद्यार्थ्यांनो” या वाक्यावर एकोणीस जणांनी. मुद्दाम केलेल्या चुकीवर अकरा जणांनी. ते बरोबर होते. बाकीचा बराचसा दंगा होता, पण एका ठिकाणी सात जणांनी जवळजवळ एकाच क्षणी दाबले होते आणि तिथे बाईंनी कुठलीच चूक घातली नव्हती. फक्त एक आकृती होती.

बाईंनी तो भाग तीनदा पाहिला. मग पिशवीतून आठवीचे पुस्तक काढले. सेलची खूण दोन समांतर रेघांची असते, एक लांब आणि एक आखूड. लांब रेघ म्हणजे धन टोक. बाईंच्या आकृतीत धन चिन्ह आखूड रेघेशी होते.

“अकरा वर्षं फळ्यावर बरोबर काढतेय मी हे,” त्या म्हणाल्या. मग पुस्तक मिटून, “चित्र चौकटीत मावत नव्हतं म्हणून खूण फिरवली होती. चिन्ह फिरवायचं राहिलं.”

हीच आकृती पहिल्या पाठातही होती. ती मार्गदर्शक सरांनी तपासली होती, मी पाहिली होती आणि छत्तीस जणांनी ती समजल्याचे दोन सेकंदांत कळवले होते.

पुढच्या आठवड्याच्या रविवारी मार्गदर्शक सरांनी बाईंना सल्ला दिला. मी हजर होतो. प्रबंधात पहिलीच चाचणी घाला, असे त्यांचे म्हणणे. आकृती गुपचूप सरळ करा. दुसऱ्या आणि तिसऱ्या चाचणीवर पुढे स्वतंत्र निबंध लिहा, मी मदत करीन. सर अप्रामाणिक गृहस्थ नव्हते. त्यांना बाईंचा जून दिसत होता. बाहेरच्या परीक्षकापुढे गोंधळाचे आकडे गेले तर प्रबंध दुरुस्तीसाठी परत येतो आणि निकाल लांबतो, हे त्यांनी पूर्वी पाहिलेले होते.

अडचण माझ्या सहीची होती. पहिल्या चाचणीच्या पत्रकावर ती होती आणि आता ते पत्रक अपुरे आहे हे मला माहीत होते. आमच्याकडे चुकलेल्या बातमीची दुरुस्ती दुसऱ्या दिवशी छापतात. आतल्या पानावर, तळाशी, पण छापतात. मी तसे शुद्धिपत्र पत्रकाला जोडायचे म्हणत होतो. ते जोडले की पहिली चाचणी एकटी उभी राहू शकत नव्हती.

जिना उतरताना मी बाईंना म्हणालो, “तुम्ही सांगाल तर मी शुद्धिपत्र देणार नाही.”

“हे माझ्यावर का टाकता?”

“जून तुमचा आहे म्हणून.”

“सही तुमची आहे.”

आम्ही थांब्यावर आलो. बाईंची बस आली. चढता चढता त्या म्हणाल्या, “उद्या सांगते.”

सोमवारी मधल्या सुट्टीत त्यांचा फोन आला.

“द्या शुद्धिपत्र.”

“नक्की?”

“त्या सात जणांना मी सांगून बसलेय की पुस्तकात लिहीन, खूण उलटी आहे हे तुम्ही शोधलंत म्हणून. आज सकाळी विचारत होते, बाई, पुस्तक आलं का. आता त्यांना काय सांगू? सर नको म्हणाले?” मग म्हणाल्या, “आणि ऐका, त्या मॉनिटरचं नाव नका घालू. बिचारीला वाटेल तिच्यामुळे झालं.”

मी शुद्धिपत्र लिहिले. ते चार ओळींचे होते. मॉनिटरचा उल्लेख ‘एक विद्यार्थिनी’ असा केला.

मेमध्ये मौखिक परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई वयाने ज्येष्ठ होत्या. त्यांनी प्रबंध वाचलेला होता, ही गोष्ट सरांनाही अनपेक्षित होती. निरीक्षक म्हणून मला मागच्या खुर्चीवर बसू दिले होते.

“तुमचा पाठ चालतो की नाही?” परीक्षक बाईंनी विचारले.

“मी वर्गात असले तर नाही चालत.”

“आणि नसताना?”

“दंगा होतो. पण त्यात अठरा घंटा खऱ्या होत्या.”

“अठरा म्हणजे कमी नाहीत,” परीक्षक बाई म्हणाल्या. “माझ्या वर्गात एवढ्या वाजत नाहीत.” मग त्यांनी शेरा लिहिला : ‘दुरुस्तीसह मान्य.’ आकृती सुधारायची, सुधारलेल्या पाठाची पुन्हा चाचणी घ्यायची आणि प्रबंध पुन्हा सादर करायचा.

रेघ फिरवायला बाईंना चार मिनिटे लागली. फिरवलेली रेघ विद्यापीठाकडून मान्य होऊन यायला सप्टेंबर उजाडला. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, चाचणीला मुले लागतात, एवढे साधे कारण होते.

माझ्या प्रबंधाबद्दलही लिहायला हवे. माझा पाठ नव्या उपसंपादकांसाठी होता, बातमीचे पहिले वाक्य कसे लिहावे यावर. त्याच्या शेवटी ‘समजलं’ असे हिरवे बटण होते. ते सगळ्यांनी दाबले. ते बदलायला माझ्याकडे फेब्रुवारीपासून वेळ होता. मी बदलले नाही. मला मेमध्येच प्रथम श्रेणी मिळाली.

जूनच्या सभेत काय झाले ते बाईंकडून कळले. त्यांनी मार्गदर्शक सरांचे पत्र नेले होते. सचिवांनी ते मोठ्याने वाचले.

“दुरुस्तीसह म्हणजे? चूक होती?”

“हो.”

“कोणाची?”

“माझी.”

“काढली कोणी?”

“आठवीच्या मुलांनी.”

“आपल्या?”

“आपल्याच.”

सचिवांनी पत्र घडी करून परत दिले आणि निकाल हातात नसल्याने पदाचा विचार होऊ शकत नाही, असे इतिवृत्तात लिहायला सांगितले. दुसराही उमेदवार आला नाही. पद भरले नाही म्हणून व्हिडिओ झाले नाहीत. व्हिडिओ झाले नाहीत म्हणून शिकवायला कोणीतरी लागणार होते. बाईंना बाराव्या वर्षाचे कंत्राट मिळाले.

“वाईट वाटलं?” मी विचारले. मुलाखतीत हा प्रश्न विचारू नये, असे मी उपसंपादकांना शिकवतो.

“वाटलं ना,” बाई म्हणाल्या. “न वाटायला काय झालं?”

त्या वर्षभर मी त्यांना अधूनमधून फोन करत असे. सप्टेंबरात निकाल आला. प्रबंधाची प्रत त्यांनी शाळेत नेली आणि सात जणांनी आपापली नावे ऋणनिर्देशात शोधून काढली. एकाच्या आडनावात चूक होती. ती त्याने तिथेच पेनाने दुरुस्त केली. सुभेदारसाहेबांचा वर्ग सुरू झाला होता. सचिवांचा भाचा, असला तर, बंगळुरूला नोकरीला लागल्याचे बोलले जात होते. डिजिटल अध्यापन समन्वयकाची जागा रिकामीच होती.

यंदाच्या जूनमध्ये सभा पुन्हा भरली. त्या संध्याकाळी बाईंचा फोन आला.

“झाली ऑर्डर. कायम.”

मी अभिनंदन केले.

“थांबा. ऑर्डरमध्ये घोळ आहे. तारीख मागच्या जूनची आहे.”

“म्हणजे?”

“मागच्या वर्षी लिपिकानं माझ्या नावानं मसुदा करून ठेवला होता म्हणे, सभा हो म्हणाली तर हाताशी असावा म्हणून. यंदा तोच काढला आणि वर्ष बदलायचं विसरला. त्यावर सह्या झाल्या. म्हणजे कागदावर मी गेल्या जूनपासून कायम आहे. सेवाज्येष्ठतेत एक वर्ष फुकट मिळालं.”

ते कोणते वर्ष, हे आम्हा दोघांना माहीत होते. दुरुस्तीचा सल्ला द्यायची माझी पाळी एकदा येऊन गेली होती.

“मी सचिवांना सांगितलं,” बाई म्हणाल्या.

“सांगितलंत?”

“तिथल्या तिथं. म्हटलं, सर, तारीख चुकलीय.”

“मग?”

“चष्मा लावून बघितलं त्यांनी. म्हणाले, बाई, यावर पाच सह्या झाल्यात. आता बदलायची तर पुन्हा सभेपुढं न्यावी लागेल. सभा पुढच्या जूनला. तोवर तुम्ही कंत्राटावर राहता का?”

“तुम्ही काय म्हणालात?”

“मी ऑर्डर पिशवीत ठेवली.”

मागे गाड्यांचे आवाज येत होते. त्या थांब्यावर उभ्या असाव्यात.

“पण मी सांगितलं होतं हं,” बाई म्हणाल्या. “उद्या कोणी म्हणालं तर तुम्ही साक्षीला आहात.”

“मी तिथं नव्हतो, बाई.”

“नव्हता. पण लिहून तरी ठेवा कुठं. आली माझी बस.”